ठाण्याचे टॉवर, नवी मुंबईचे नोड: उंची, दाटी आणि शहराचा गाभा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक मित्र घोडबंदर रोडला राहतो, दुसरा नेरूळला. ठाण्याची स्कायलाइन भारी की नवी मुंबईची, जास्त दाट शहर कोणतं, आणि खऱ्या अर्थानं डाउनटाउन म्हणावं असं काही या दोन शहरांत आहे का, यावर त्यांचा वाद आहे. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत चित्र बदलेल का, हेही त्यांना हवं आहे.

आधी उत्तर देतो, मग कारणं. उंचीत ठाणे पुढे आहे. दाटीतही ठाणे पुढे आहे, पण जिथे टॉवर आहेत तिथली ती दाटी नव्हे. डाउनटाउन ठाण्याला आहे. ते चार-पाच मजल्यांचं आहे आणि कुणी आखलेलं नाही. नवी मुंबईचं डाउनटाउन आराखड्यात बेलापूरला होतं आणि माणसांनी ते वाशीला नेलं. दोन्ही शहरांत लेआउट आणि पुनर्विकासाच्या प्रस्तावांचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. एक गोष्ट सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगावी लागते: इमारतीची उंची आणि वस्तीची दाटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडे बहुतेक ठिकाणी त्या एकमेकींपासून लांब राहतात.

ठाण्याची स्कायलाइन एका जागी एकवटलेली नाही, ती पट्ट्यांत आहे. माजिवडा, कापूरबावडीपासून मानपाडा, पाटलीपाडा, वाघबीळ, कासारवडवलीपर्यंत घोडबंदर रोडच्या दोन्ही अंगांना एक पट्टा. खाडीच्या बाजूला बाळकूम आणि कोलशेत हा दुसरा. येऊरच्या पायथ्याशी पोखरण रोडचा तिसरा. पस्तीस-चाळीस मजले इथे आता कुणाला नवलाचे वाटत नाहीत. मजल्यामागे तीन मीटर धरले आणि खालचे पार्किंगचे मजले मिळवले की चाळीस मजली इमारत १३० मीटरच्या पुढे जाते. गगनचुंबी इमारतीसाठी साधारणपणे १५० मीटरची रेघ धरतात, तिच्यापासून हे फार लांब नाही. ही स्कायलाइन नीट पाहायची तर भिवंडीकडून येताना कशेळीच्या पुलावरून पाहा. घोडबंदर रोडवर उभं राहून ती दिसत नाही, तिथे फक्त तळमजले दिसतात.

नवी मुंबईचं रूप वेगळं आहे. वाशी ते बेलापूर अशा सुमारे दहा किलोमीटरच्या पाम बीच रोडच्या एका अंगाला खारफुटी आणि खाडी आहे, तिथे बांधकाम होऊ शकत नाही. म्हणून उंच इमारती बहुतांश दुसऱ्या अंगालाच, एका रांगेत. मागे पारसिकचा डोंगर. डोंगर आणि खाडी यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचं शहर बसलेलं आहे. त्यामुळे रेषा सलग आणि देखणी दिसते, पण तिला खोली नाही. खारघर आणि उलवे इथले टॉवर या रांगेत येतच नाहीत, ते वेगळे पुंजके आहेत. देखणेपणावर मत द्यायचं तर मी पाम बीचला देईन, कारण समोर खाडी मोकळी आहे आणि पाहायला अंतर मिळतं. उंचीवर आणि संख्येवर मात्र ठाणे सहज पुढे जातं.

असं का झालं, याचं मूळ जमिनीच्या मालकीत आहे. ठाण्यात जमीन खासगी. कारखाने बंद पडत गेले तशा मोठमोठ्या जागा एकेका विकासकाच्या हाती एकगठ्ठा आल्या. कोलशेतला क्लॅरिएंटची रासायनिक कारखान्याची जागा लोढांकडे गेली, तिथे आज अमारा हा गृहप्रकल्प आहे. पोखरण रोडवर रेमंडची गिरणी होती, तिथे रेमंडनेच घरं बांधायला घेतली. इतक्या मोठ्या भूखंडावर चारही बाजूंना पुरेसं अंतर सोडता येतं, आणि अंतर सोडता आलं की उंची घेता येते. टी. चंद्रशेखर आयुक्त असताना, १९९० च्या दशकाच्या अखेरीस, ठाण्यात रस्ते रुंद झाले. आपल्या नियमांत रस्त्याची रुंदी आणि मिळणारा एफएसआय (भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) यांची थेट सांगड आहे, त्यामुळे त्या रुंदीकरणाचा परिणाम पुढे इमारतींच्या उंचीतही दिसला.

नवी मुंबईत जमीन सरकारनं संपादन केली. हे शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीची स्थापना १७ मार्च १९७० ची. ३४४ चौरस किलोमीटर, ९५ गावं. भूखंड विकले गेले नाहीत, ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिले गेले, आणि किती बांधायचं हे त्या करारातच लिहिलेलं असे. बहुतेक निवासी भूखंडांना एफएसआय १, काहींना १.५. त्यात सात मजल्यांच्या पुढे जाण्याचं कारणच नव्हतं. वाशी, नेरूळ, सानपाड्याचे जुने सेक्टर चार ते सात मजल्यांचे आहेत ते यामुळे. आवड, संस्कृती वगैरे कारणं लोक देतात. त्यांत फारसा अर्थ नाही.

डिसेंबर २०२० मध्ये राज्यासाठी एकत्रित विकास नियमावली आली आणि हा फरक कागदावर बराचसा पुसला गेला. मूळ एफएसआय १.१, त्यावर प्रीमियम भरून आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरचा बांधकामाचा हक्क) विकत घेऊन वाढ, आणि त्या सगळ्यावर निवासी बांधकामाला ६० टक्क्यांपर्यंत, व्यापारी बांधकामाला ८० टक्क्यांपर्यंत पूरक क्षेत्र. रस्ता जितका रुंद तितका टीडीआर जास्त. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर मात्र वाढ जवळपास नाहीच. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, नौपाड्याबद्दल बोलताना ते लागेल.

आता दाटी. इथे आकड्यांची फसगत फार होते. २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिकेची लोकसंख्या सुमारे १८.४ लाख, क्षेत्र सुमारे १२८ चौरस किलोमीटर. म्हणजे चौरस किलोमीटरला १४ हजारांच्या आसपास. नवी मुंबई महापालिकेची लोकसंख्या सुमारे ११.२ लाख, क्षेत्र ११० चौरस किलोमीटरच्या जवळ. म्हणजे साधारण १० हजार. लोक हे दोन आकडे शेजारी ठेवतात आणि वाद संपला म्हणतात. पण ठाण्याच्या हद्दीत येऊरचं जंगल आहे, मुंब्र्याचा डोंगर आहे, खाडीकाठची खारफुटी आहे. ती जागा वजा केली की उरलेल्या ठाण्याची दाटी खूप वर जाते. दुसरीकडे, ज्याला आपण सगळे नवी मुंबई म्हणतो त्यातले खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हे नोड (सिडकोनं आखलेल्या स्वतंत्र वसाहती) नवी मुंबई महापालिकेत नाहीतच, ते २०१६ मध्ये झालेल्या पनवेल महापालिकेत आहेत. म्हणजे वादात खारघरचे टॉवर मोजायचे आणि लोकसंख्या मात्र बेलापूरपर्यंतचीच धरायची, असं होतं. वादात आकडा आला की हद्द कुठली, हा पहिला प्रश्न विचारा.

त्याहून उपयोगाची पद्धत म्हणजे एक हेक्टर जागा घेऊन तिथे किती माणसं राहतात ते मोजणं. एक ढोबळ हिशेब मांडून दाखवतो. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, पण प्रमाण खरं आहे.

समजा घोडबंदरला आठ हेक्टरचं कॉम्प्लेक्स आहे आणि सगळं धरून एफएसआय ३ पडतो. बांधकाम झालं २ लाख ४० हजार चौरस मीटर. जिना-लिफ्टचा वाटा धरून एका फ्लॅटला ९० चौरस मीटर लागले तर फ्लॅट साधारण २६००. घरटी साडेतीन माणसं धरली तर ९१०० माणसं, म्हणजे हेक्टरी ११०० च्या थोडं पुढे. आणि हे सगळे फ्लॅट भरलेले असतील तर. गुंतवणूक म्हणून घेऊन कुलूप लावलेले फ्लॅट वजा केले की आकडा आणखी उतरतो.

आता कोपरखैरणेच्या एखाद्या जुन्या सेक्टरात चला, जिथे छोट्या भूखंडांवर ओळीनं घरं आहेत. भूखंड समजा ३० चौरस मीटरचा. तळमजला अधिक दोन, प्रत्येक मजल्यावर चार माणसांचं एक कुटुंब. एका भूखंडावर बारा माणसं. हेक्टरातली अर्धी जागा गल्ल्या, मैदान, शाळा यांना सोडली तरी १६६ भूखंड बसतात. माणसं झाली २००० च्या आसपास. तीन मजली घरांची गल्ली चाळीस मजली टॉवरच्या कॉम्प्लेक्सपेक्षा जवळजवळ दुप्पट दाट निघते.

घणसोली, गोठिवली, जुहूगाव, करावे अशा गावठाणांत तर घरांना घरं चिकटलेली आहेत. गावांची जमीन शहरासाठी गेली, कुटुंबं वाढली, आणि गावठाणाची हद्द वेळेवर वाढवली गेली नाही. गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळावेत म्हणून प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोठा लढा झाला, तेव्हा ती योजना आली. गरजेपोटी बांधलेल्या घरांचा प्रश्न त्यानंतरही राहिला. नवी मुंबईतली खरी दाटी इथे आहे, आणि दोन्ही शहरांची तुलना करणारे पाम बीचचे फोटो टाकतात तेव्हा ती कुणाच्या लक्षात येत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण पाणी, गटार, अग्निशमनाची गाडी आत जाण्याचा रस्ता या सगळ्याची गरज सर्वांत जास्त इथेच आहे.

ठाण्यातही असंच आहे. सर्वांत दाट भाग किसननगर, लोकमान्यनगर, मुंब्रा, कळव्याचे काही भाग. बहुतेक इमारती चार-सहा मजल्यांच्या, अनेक विनापरवाना, खिडकीतून हात लांब केला तर समोरची भिंत लागेल इतक्या जवळ. ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याजवळ बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली आणि ७४ माणसं गेली. त्यानंतर क्लस्टर योजनेला, म्हणजे अनेक इमारतींचा एकत्र पुनर्विकास करण्याच्या योजनेला, खरी गती मिळाली. किसननगरपासून सुरुवात झाली आहे. ही योजना मोठ्या प्रमाणावर पार पडली तर ठाण्यात पहिल्यांदाच दाटी आणि उंची एकाच जागी येतील. ते चांगलं की वाईट, हे रस्ते आणि मोकळ्या जागा किती सोडल्या जातात यावर ठरेल.

पाण्याचा मुद्दा थोडक्यात सांगतो, कारण दाटी पेलायची तर तो टाळता येत नाही. नवी मुंबई महापालिकेकडे स्वतःचं मोरबे धरण आहे. ठाण्याकडे स्वतःचं धरण नाही. भातसा नदी, स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी (औद्योगिक विकास महामंडळ) अशा वेगवेगळ्या स्रोतांवर शहर चालतं, आणि उन्हाळ्यात घोडबंदरच्या कॉम्प्लेक्सांत टँकर येतात. उंची ठाण्याला मिळाली आहे, ती पेलण्याची तयारी नवी मुंबईची जास्त आहे.

आता डाउनटाउन. माझ्या मते डाउनटाउन ओळखायची खूण उंची नाही. एका पायी फेरीत किती वेगवेगळी कामं उरकतात आणि सकाळपासून रात्रीपर्यंत किती तास तिथे वर्दळ असते, ही खूण आहे.

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला उतरा. सॅटिसच्या, म्हणजे स्टेशनाबाहेर बससाठी बांधलेल्या पुलाखालून बाहेर पडून गोखले रोड धरा. दर तीन-चार मीटरला दुकानाचं शटर. वर पाहिलं की पहिल्या मजल्यावर दाताचा डॉक्टर, शेजारी सीए, त्यावर कोचिंग क्लास, पतपेढी, त्याच्या वर अजून दोन-तीन बिऱ्हाडं, गॅलरीत वाळत घातलेले कपडे. जिना दोन दुकानांच्या मधून वर जातो, इतका अरुंद की उतरणाऱ्याला वाट द्यायला थांबावं लागतं. अशा एका साध्या इमारतीत सकाळी क्लासची मुलं, दुपारी कारकून, संध्याकाळी रुग्ण आणि रात्री तिथे राहणारी माणसं, सगळी एकाच जिन्यानं वर जातात. तिथून जांभळी नाक्याचा बाजार, तलावपाळी, गडकरी रंगायतन, कोर्टनाका, जिल्हाधिकारी कार्यालय, राममारुती रोड, सगळं चालत जाण्याच्या अंतरात. हे शहर १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी आली त्या स्टेशनाभोवती वाढलं, आणि जिल्ह्याचं ठिकाण असल्यामुळे कचेऱ्या, वकील, दस्त नोंदवणारे, बँका आपोआप तिथेच जमल्या. रविवारी कोर्ट बंद असतं तरी राममारुती रोडवर चालायला जागा नसते. हे अस्सल डाउनटाउन आहे.

घोडबंदरच्या टॉवरच्या पायथ्याशी असं काही घडत नाही. तिथे पार्किंगचे चार-सहा मजले पोडियम म्हणून उभे असतात. रस्त्यावरून पाहिलं तर लांबच लांब भिंत, एक प्रवेशद्वार, सुरक्षारक्षकाची केबिन. बाग, जिम, हॉल हे सगळं पोडियमच्या वर, फक्त आतल्यांसाठी. पदपथावर चालणाऱ्याला पाहण्यासारखं, थांबण्यासारखं काही राहत नाही, म्हणून कुणी चालतही नाही. हिरानंदानी इस्टेटमध्ये रस्त्यालगत दुकानं ठेवली, तिथे संध्याकाळी माणसं दिसतात. यावरून कळेल की दोष उंचीचा नाही, तळमजल्याचा आहे. प्रस्ताव तपासताना मी आधी तळमजल्याचा प्लॅन पाहतो, वरचे मजले नंतर.

नवी मुंबईची गोष्ट अशी, की सगळं शहर एकाच डाउनटाउनवर अवलंबून राहावं असा तिथला आराखडाच नव्हता. १९६० च्या दशकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या जुळ्या शहराची कल्पना मांडली ती मुंबईवरचा ताण उतरवण्यासाठी. आराखडा झाला तो अनेक नोडचा: प्रत्येक नोडला आपलं स्टेशन, बाजार, शाळा, बाग. बेलापूरला मध्यवर्ती व्यापारी केंद्र, म्हणून आजही त्याला सीबीडी म्हणतात. अपेक्षा होती की मंत्रालय आणि त्यामागोमाग मोठी कार्यालयं इकडे येतील. तसं झालं नाही. त्याच काळात नरिमन पॉइंटला भराव घालून कार्यालयं उभी राहिली, पुढे वांद्रे-कुर्ला संकुल आलं. बेलापूरला कोकण भवन आलं, सिडको भवन आलं, रिझर्व्ह बँक आली, पुढे महापालिकेचं मुख्यालयही आलं. म्हणजे सरकारी कचेऱ्या आल्या, पण कचेऱ्या सुटल्यावर थांबणारं शहर आलं नाही. रविवारी बेलापूरच्या कार्यालयांच्या सेक्टरांत फिरून पाहा, फरक लगेच कळेल.

वाशीला मात्र खाडीपुलामुळे १९७३ पासून मुंबईची वाट मिळाली, लोकल १९९२ मध्ये आली, बेलापूरला ती १९९३ मध्ये. जवळपास वीस वर्षांची आघाडी. शेजारी घाऊक बाजार समिती, तिच्यामुळे व्यापारी, गुमास्ते, माथाडी, वाहतूकदार, बँका. सेक्टर १७ मध्ये खाली दुकानं, वर दवाखाने आणि ऑफिसं, शेजारच्या सेक्टरांत घरं. स्टेशनावरच आयटी कंपन्यांची कार्यालयं, समोर मॉल. ठाण्याच्या गोखले रोडइतकी सरमिसळ नाही, पण चालायला पदपथ आहे, झाडं आहेत, पार्किंगची थोडीफार सोय आहे. दोन्हींत आराम कुठे, असं विचारलंत तर वाशी.

नोकऱ्यांचं केंद्र मात्र ना वाशी ना बेलापूर. ते दिघ्यापासून पुढे पसरलेल्या टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यात आहे: ऐरोलीचं माइंडस्पेस, घणसोलीजवळचं रिलायन्स कॉर्पोरेट पार्क, महापे. ठाण्यातून रोज सकाळी ट्रान्सहार्बर लोकलनं हजारो लोक ऐरोली-घणसोलीला उतरतात. ठाण्यात वागळे इस्टेट आहे, जिथून १९६२ मध्ये एमआयडीसीची सुरुवात झाली, आणि पोखरण रोड व पाटलीपाड्याला टीसीएसची मोठी कार्यालयं आहेत. पण टॉवरमध्ये राहायला आलेल्या माणसांच्या मानानं नोकऱ्या ठाण्यात कमी पडल्या. माजिवड्याला रोज होणारी कोंडी आहे ती या असमतोलाची. मेट्रो ४ सुरू झाली की दिलासा मिळेल, २०२४ मध्ये मंजूर झालेली २९ किलोमीटरची वर्तुळाकार मेट्रो झाली तर आणखी मिळेल. तरी नोकरी शहरातच वाढवल्याशिवाय मूळ प्रश्न सुटणार नाही.

पुढच्या दहा-पंधरा वर्षांचं विचारलं आहे. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं, त्याआधी जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, आणि उलवे-खारघरचे भाव चढले. म्हणून तिथे आता दुबईसारखी स्कायलाइन उभी राहणार, असं दलाल सांगतात. हे नीट तपासून घ्या. मोठ्या विमानतळाभोवती साधारण चार किलोमीटरच्या परिघात आडवी पातळी ४५ मीटरवर धरलेली असते, तिच्या बाहेर ती हळूहळू चढत जाते. नेमकी परवानगी विमानतळ प्राधिकरण त्या भूखंडाचा अभ्यास करून देतं. विमानतळाच्या जवळ फार उंच इमारत मिळणं अवघडच. तिथे शहर वाढेल ते आडवं, मध्यम उंचीचं. कार्यालयं आणि हॉटेलं येतील, विक्रमी टॉवर येणार नाहीत.

माझं लक्ष जुन्या वाशीकडे आहे. सिडकोनं सत्तर-ऐंशीच्या दशकांत बांधलेल्या चार मजली वसाहती मोडकळीला आल्या आणि त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहू लागल्या आहेत. रस्ते आधीच रुंद, भूखंड मोठे, स्टेशन आणि सेक्टर १७ चालत जाण्याजोगं. उंची, दाटी आणि बाजार या तिन्ही गोष्टी दोन्ही शहरांत मिळून एकाच ठिकाणी जुळण्याची शक्यता मला इथे सर्वांत जास्त दिसते. एकच काळजी आहे: हे टॉवरसुद्धा पोडियमची भिंत घेऊन आले तर सेक्टर १७ ची वर्दळ त्यांच्यापर्यंत पोचणार नाही.

नौपाड्याचं नेमकं उलट आहे. तिथे डाउनटाउन आहे, पण रस्ते सहा-सात मीटरचे, भूखंड छोटे, त्यात पागडीचे भाडेकरू. नऊ मीटरच्या अटीत न बसणाऱ्या इमारतींना वाढीव एफएसआय जवळपास मिळत नाही, म्हणून विकासक येत नाही, आणि इमारती जुन्या होत जातात. उपाय आहे: शेजारच्या चार-पाच सोसायट्यांनी एकत्र येऊन भूखंड जोडायचे, इमारत मागे घेऊन रस्ता रुंद करायचा, आणि तळमजल्यावर दुकानं पहिल्यासारखीच रस्त्याला लावून ठेवायची. नौपाड्यातल्या एखाद्या सोसायटीच्या कमिटीवर तुम्ही असाल, तर विकासकाशी बोलण्याआधी शेजारच्या सोसायटीच्या सेक्रेटरींशी बोला.